कोंबड्याचा नाच

विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमासाठी मित्रांनी पदयात्रा काढली होती. सोंगं घेऊन गावोगाव चालायचं आणि मदत गोळा करायची. वायरमनला त्यांनी कोंबडा केलं होतं, पण त्याचं कशातच चित्त नव्हतं. सगळं विसरलेले त्याचे बाबा महिन्यापूर्वी घरातून निघाले, ते परतलेच नव्हते. पोलीस ठाणी, दवाखाने पालथे घालून झाले होते. आताही तो चालता चालता बसथांब्यांवर डोकावायचा, दुकानांच्या मागे बघून यायचा आणि पुन्हा धापा टाकत मित्रांना गाठायचा.

एका गावाच्या चौकात अस्वल झालेला टेलरमास्तर म्हणाला, "नाच की लेका जरा!"

वायरमनने कोंबड्याचं डोकं काढून हातात घेतलं. "माझा बाप हरवलाय आणि तुम्हाला नाच सुचतोय? आणि हा रस्ता तरी कसला धरलाय, नुसता वेडावाकडा!"

"तुझ्या बाबांच्या बसचा रस्ता आहे हा," मास्तर हळूच म्हणाला. "नोकरीभर याच गावांतून गाडी नेली त्यांनी. तू एकटा किती दारं ठोठावशील? सोंगं आली की अख्खं गाव आपणहून बाहेर येतं. म्हणून नाचतोय आम्ही. तू चेहरे बघ."

वायरमनने वर पाहिलं. खिडक्या, गच्च्या, पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. त्याने एकेक चेहरा निरखला. मागच्या गल्लीतली दारं मात्र अजून बंद होती. बाबांना ओळख पटली तर पटावी म्हणून त्याने चेहरा उघडाच ठेवला आणि त्या गल्लीत शिरून जीव तोडून नाचू लागला.