काल्पनिक पात्राची नोटीस

कोलंबियाहून एडिनबराला आलेल्या लुसियाने वार्ताहर म्हणून सात वर्षं एका कारखानदाराचा पिच्छा पुरवला. तो नदीत विष सोडतो हे तिला ठाऊक होतं, पण पुराव्याअभावी बातमी कधी छापलीच गेली नाही. शेवटी वैतागून, त्याचं नावगाव बदलून तिने कादंबरी लिहिली आणि ती तुफान खपली.

आज त्या कारखानदाराच्या वकिलाची नोटीस आली. कडेवरच्या लेकीला घट्ट धरत शेजारची मालविका म्हणाली, "अगं, कोर्टात खेचतील तुला!"

लुसिया मात्र स्वयंपाकघरभर नाचत होती. "आधी वाच तरी! 'नदीत विष सोडणारा तो चोरपाइप आमच्या अशिलांचाच आहे, हे पुस्तक वाचून कोणीही ओळखेल.' आणि खाली सही आहे गं, सही!"