कोपऱ्यातलं टेबल

"नाय म्हंजे नाय," अभय म्हणाला. "गटातल्या कुणाला भेटायचं नाय, हा आपला पहिला नियम. तूच लिहिलाय."

"लिहिला मी, मोडते बी मीच," म्हणत करुणानं स्कार्फ तोंडाला गुंडाळला.

औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत अभयची संस्था होती. फोनवरचे द्वेषाचे गट वाचायचे, कोण कुणाला भडकवतंय ते नोंदवायचं आणि जमेल त्याला माघारी वळवायचं, हे त्यांचं काम. वळवण्यात करुणाचा हात धरणारं कुणी नव्हतं. चार वर्षांत अकरा जण तिनं परत आणले होते.

रीत साधी होती. खोट्या नावानं गटात शिरायचं, त्यांच्यासारखंच बोलायचं, मग एखाद्याला बाजूला घेऊन विचारायचं, जेवलास का? पुष्कळांना कित्येक महिन्यांत कुणी एवढंही विचारलेलं नसायचं.

गटात करुणाचं नाव होतं अंगार. अंगार म्हणजे वाळूजच्या कारखान्यातला, जगावर खार खाऊन बसलेला गडी. त्याच्याआड ती सुखरूप होती. हा पडदा फाटला तर काय होतं ते तिला ठाऊक होतं. मागच्या वर्षी याच कामातल्या एका बाईचा फोटो अशाच गटात फिरला आणि आठ दिवसांत तिला गाव सोडावं लागलं. करुणाची आई, सत्यभामाबाई, गुडघ्यांनी अधू. सिडकोतल्या घरात दोघीच. आईला घेऊन ती कुठं पळणार होती?

पण या वेळी गाठ वणव्याशी होती.

अकरा हजारांच्या मोठ्या गटातून पाच कडव्या लोकांचा वेगळा गट निघाला होता. अंगार त्यात होता. तिथं वणवा नावाचा माणूस रोज पेट्रोलच्या बाटल्यांचं बोलायचा. येत्या रविवारी करून दाखवू, असं त्यानं लिहिलं, तेव्हा अंगारनं घाईघाईनं सुचवलं, आधी एकदा समोरासमोर बसू. वाळूज रोडचं हॉटेल, कोपऱ्यातलं टेबल, दुपारी साडेतीन. आणि चक्क सगळ्यांनी होकार दिला.

"मी शेजारच्या टेबलावर बसून बघणार नुसतं," करुणा म्हणाली. "वणव्याचं तोंड एकदा दिसू दे. मग त्याला कसा वळवायचा ते माझ्यावर सोड."

अभयनं कोपरापासून हात जोडले.

ती पोचली तेव्हा पहिली पाळी सुटून कामगारांच्या बस निघून चालल्या होत्या. कोपऱ्यातलं टेबल रिकामंच होतं. करुणानं त्याच्या शेजारी बसून चहा मागवला. पलीकडं पन्नाशीच्या एक बाई मोठी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मागं चष्म्यातले एक गृहस्थ पेपर वाचत होते, उलटा नव्हे एवढंच. दाराशी पाठीवर सॅक घेतलेला एक तरुण.

पावणेचार झाले. चार वाजले.

"ओ, तिकडं कोपऱ्यात बसा की निवांत, पंखाय," वेटर पर्सवाल्या बाईंना म्हणाला.

"नको, हितंच बरंय." बाई दचकल्याच.

गृहस्थांनाही त्यानं तेच सांगितलं. त्यांनीही नको म्हटलं.

एवढ्यात दाराशी बसलेल्या तरुणानं फोनवर काहीतरी लिहिलं. करुणाचा फोन वाजला. बाईंच्या पर्समधला वाजला. चष्मेवाल्यांच्या खिशातलाही. "मी पोचलो. तुम्ही कुठंयत?"

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणी हलेना.

"तुम्ही... पोलीस का?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाय हो. मी त्यांना माघारी वळवते," करुणाच्या तोंडून निघून गेलं.

"अगं बाई! मी बी तेच करते!" त्या बिडकीनच्या रत्नमालाताई, खोट्या बातम्या तपासून लोकांना सांगणाऱ्या. तरुण होता सम्यक, शांतता समितीचा कार्यकर्ता. आणि पेपरवाले शिवराज सर, सिल्लोडच्या कॉलेजात शिकवणारे. द्वेषाच्या भाषेवर त्यांचं संशोधन चालू होतं.

"मग वणवा कोण?" करुणानं विचारलं.

सरांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. "अहो, अंगारला बोलतं करायला लिहायचो मी ते. लई भयंकर माणूस वाटला मला."

"अंगार मीच!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. करुणानं स्कार्फ सोडला, डोळे पुसले. चौघं कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले, खरी नावं सांगितली, भजी मागवली. वर्षभर आपणच आपल्याला भडकवत होतो, म्हणत रत्नमालाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. करुणाच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. रविवारी काही पेटणार नव्हतं.

"पाचवा राह्यला की," सम्यक म्हणाला. "तो रानवारा."

"तो कुठं काय लिहितो? नुसता अंगठा दाखवतो," सर म्हणाले.

"आपल्यातलाच असंल कुणीतरी. भ्याला असंल बिचारा," रत्नमालाताई म्हणाल्या.

करुणानं अभयला फोन लावला. "वणवा प्रोफेसर निघाला रे! काम फत्ते. तू उगं जीव काढत होतास."

अभयही खो खो हसला. तिनं फोन ठेवला, भजं उचललं, तोच चौघांचे फोन एकदम वाजले.

मेसेज पाच जणांच्या गटात नव्हता, अकरा हजारांच्या मोठ्या गटात होता. रानवाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी टाकलं होतं. फोटो होता. कोपऱ्यातलं टेबल, भज्यांची ताटली, चार हसरे, उघडे चेहरे. खाली लिहिलं होतं, "हे चौघं आपल्यात घुसलेले होते. तोंडं नीट बघून ठेवा. पत्ते संध्याकाळी टाकतो."