टपावरचा बेल्ट

“आधी बेल्ट, मग पाणी,” म्हणत ओझरच्या विमान कारखान्यात उभा जन्म काढलेल्या अण्णांनी मुलाच्या कमरेला सेफ्टी बेल्ट बांधला. शेखर शिडीने कॅम्पर गाडीच्या टपावर चढला आणि बेल्टचा दोर तिथल्या लोखंडी कड्याला अडकवून टप घासू लागला. समोरच्या गॅलरीतून शेजारीण हसली, “शेखरभाऊ, गाडी धुताय की विमान?” शेखर ओशाळला. अण्णांची नजर चुकवून त्याने कमरेचा बेल्ट सोडला. साबणावर पाय सटकला आणि तो पडला, तो थेट शिडी धरून उभ्या असलेल्या अण्णांवर. त्याला खरचटलंही नाही. संध्याकाळी घोटीहून परतलेली आई गाडीपाशीच अण्णांच्या हाताचं प्लास्टर आणि टपाला टेकलेली शिडी पाहून कडाडली, “या वयात शिडीवर चढायची हौस कशाला?” “चुकलंच माझं,” अण्णा म्हणाले. “पाय घसरला.” शेखरची नजर वर गेली. आईच्या डोक्याच्या वर, टपाच्या कडेला रिकामा बेल्ट लोंबत होता.