मागच्या दारावरचं धुकं

दुपारी दोन चाळीसला बसच्या मागच्या दारावरची बाई पांढरी पडली.

कोलोन शहरात सकाळपासून पाऊस होता, तो नुकताच थांबला होता. सिरिलोने दारावरच्या चित्रावर चमकदार लॅकरचा शेवटचा हात मारला आणि दोन मिनिटांत कपाळ, गाल, ओठ, सगळं दुधाळ धुक्याखाली गेलं.

त्याची बायको नेरेइदा आतून आली. चित्र तिनेच काढलं होतं. लॅकर पातळ करायला सिरिलोने वापरलेल्या थिनरचा एक थेंब तिने मनगटावर टाकला. गार लागलं, आणि तीन मोजेपर्यंत थेंब उडाला.

"झटपटवालं. असल्या दमट हवेत," ती म्हणाली. "चाळीस वर्षं रंग मारतोयस की नुसता हुंगतोयस?"

"पाचला गाडी निघायची. म्हटलं, लवकर वाळेल."

"वाळलं की. हवेतलं पाणी घेऊन वाळलं."

बसमालक रुफिनो दारापाशी उभा होता. यात्रेकरू घेऊन त्याला पोर्तोबेलोला जायचं होतं, काळ्या ख्रिस्ताच्या उत्सवाला. दारावर त्याची आई होती, दोन्या तेओफिला. दरवर्षी ती ही वाट पायी चालायची. मार्चमध्ये ती वारली. यंदा तो तिला नेणार होता. नेरेइदाने तिला कधी पाहिलं नव्हतं. हाताशी तरुणपणीचा एकच फोटो होता. सकाळी चित्र पाहून रुफिनो म्हणाला होता, "छान आहे, ताई. पण ही आई वाटत नाही. काय चुकलंय, तेही सांगता येत नाही."

नेरेइदाने दुसरा डबा उघडला. मनगटावर थेंब. साठ मोजले तरी ओला. तेच थिनर तिने स्प्रे गनमध्ये भरलं आणि लांबून, जेमतेम ओल धरेल इतकाच फवारा सोडला.

लॅकर पुन्हा सैल झालं, आत अडकलेलं पाणी उडालं आणि धुकं विरायला लागलं. आधी हनुवटी आली. मग ओठ. मग उजवा डोळा, काळाभोर. कोणी काही पुसत नव्हतं. चेहरा आतूनच वर येत होता. सिरिलोने टोपी काढली. शेजारच्या गॅरेजमधली ठोकाठोक थांबली.

फवारा डाव्या डोळ्याकडे वळला, तसा रुफिनोने नेरेइदाचा हात धरला.

"थांबा, ताई. या डोळ्यात आईला मोतीबिंदू होता."

पाचला बस निघाली. डोळ्यावरचं तेवढं पांढरं राहील की उन्हाने निघून जाईल, हे नेरेइदालाही सांगता आलं नाही. पोर्तोबेलोच्या वाटेवर अजून ऊन पडलेलं नाही.