कप्तानाचा दुसरा काळ

आक्काताईंच्या यजमानांनी आयुष्यभर एकाच अंतराळ-कप्तानाच्या कादंबऱ्या लिहिल्या. ते गेल्यावर मालिका पुढं चालवायची परवानगी मागायला तरुण लेखिका संघप्रिया राजारामपुरीतल्या घरी आली, तर आक्काताईंनी तिला दारातच उभं केलं.

"म्हंजे मालकांनी लिवल्यालं पुसणार व्हय तू?"

"न्हाय, आक्काताई. ते तसंच ऱ्हाईल. मी त्याच कप्तानाचा दुसरा काळ लिहिणार, काकांच्या काळाला समांतर चालणारा. त्यात सगळं निराळं घडू शकतं."

आक्काताईंचा संशय काही फिटेना. "आणि त्याची बायको?"

"तिला काकांनी पहिल्याच भागात पृथ्वीवर ठेवलं. पुढं ती कुठंच न्हाय."

"ठावं हाय. खोलीचं दार लावून लिवत बसायचे, तवा बाहेर मीच की." आक्काताई दारातून बाजूला झाल्या. "तुज्या काळात तिलाबी यानात घे."