साडूंची नवी कोरी गाडी

आमचे साडू वरच्याच मजल्यावर राहतात, त्यामुळे माझ्या जुन्या गाडीची त्यांना रोज नव्याने लाज वाटते. मी घेतली तेव्हाच ती सेकंड हँड होती. ऑइल मी वेळेवर बदलतो, टायर वेळेवर बदलतो, फक्त गाडी बदलत नाही.

"साडूभाऊ, काढून टाका आता हा डबा," ते परवा म्हणाले. "आमच्याकडे बघा. तिसरी नवी कोरी!"

तिच्यावर दोन कव्हरं होती, म्हणून मी कव्हरंच बघितली.

मग त्यांनी हळूच माझ्या गाडीची किल्ली मागितली. बाजारात जायचं होतं, आणि तिथल्या गर्दीत नव्या गाडीला ओरखडे पडतात. गेल्या आठवड्यात मेहुणीला गाडी शिकायची होती, त्याआधी कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. हप्ते भरतात ते त्यांच्या गाडीचे आणि फिरतात माझ्या गाडीतून.

पण रोजचे टोमणे ऐकून मीही शेवटी नमलो. रविवारी चहाला दोन्ही घरं जमली होती, तेव्हा जाहीर करून टाकलं, "ठरलं. या महिन्यात जुनी विकतो आणि तुमच्यासारखीच नवी कोरी घेतो."

साडूंचा चेहरा खर्रकन उतरला. हातातला कप तसाच खाली ठेवत ते कळवळून म्हणाले,



"अहो, असं काय करताय? मग आपण दोघांनी फिरायचं कशातून?"