दोन बहिणी, दोन ठिपके

थोरलीने आपलं चित्र पडद्यावर लावलं आणि खुर्चीत बसताना धाकटीकडे बघायचं टाळलं.

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच वेधशाळेत कामाला. मागच्या परिषदेत थोरलीने भर सभेत धाकटीची आकडेमोड चुकीची ठरवली, तेव्हापासून अबोला होता. आईकडे जेवायला जमल्या तरी "आई, तिला मीठ सरकवायला सांग" असं चालायचं.

आज प्रमुख सोक्षमोक्ष लावणार होते. अवकाशातल्या दुर्बिणीची पुढची पाळी एकीलाच मिळणार होती. थोरलीला सापडलं होतं विश्वाच्या बाळपणातलं ताऱ्यांचं बाळंतघर. दीर्घिकांच्या एका पुंजक्याच्या कडेला पुसट तीन ठिपके, त्यातला डावा ठळक. धाकटीनेही तसंच एक शोधलं होतं, त्याच पुंजक्याच्या दुसऱ्या कडेला.

"थोरल्या बाईंचं जास्त तेजस्वी आहे," प्रमुख म्हणाले. "पारडं तिकडेच झुकतंय."

धाकटीने पडेल चेहऱ्याने आपलं चित्र लावलं. तीन ठिपके. उजवा ठळक.

थोरली बघतच राहिली. रंग तेच. अंतर तेच. फक्त आरशात दिसावं तसं उलटं. धाकटीच्या हे ध्यानात आलेलं नव्हतं. तोंड मिटून बसलं की पाळी आपलीच.

"सर," ती म्हणाली, "हिचं बाळंतघर वेगळं नाहीच. ते माझंच आहे."

धाकटी ताडकन उठली. "आता हेही तुझंच?"

"अगं, ऐक तरी. मधला पुंजका इतका जड आहे, की मागून येणारा प्रकाश त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालतो. जागा एकच, दिसतेय दोनदा. माझ्या एकटीच्या चित्रावर लोकांनी शंभर शंका काढल्या असत्या. तुझं शेजारी ठेवलं की बोलणंच खुंटलं."

प्रमुखांनी दोन्ही चित्रं एकाखाली एक लावली, एक उलटं केलं आणि मान डोलावली. "मग पाळी दोघींची. पण शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं?"

"हिचं," थोरली म्हणाली. "हिच्या बाजूचा प्रकाश लांबच्या वाटेने आलाय, म्हणजे निघालाही आधी. हिच्या चित्रातले तारे माझ्या ताऱ्यांपेक्षा वयाने थोडे लहान आहेत."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. ओठ दाबले तरी हसू लपेना.

"म्हणजे ताई," ती म्हणाली, "तिकडेही धाकटी मीच."